पातळी जागेवर, पाणी गायब: घरच्या पोहण्याच्या तलावातल्या ऑटोफिलचं एक प्रकरण

तलाव 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी खोली 1.4 मीटर. म्हणजे पृष्ठभाग 32 चौरस मीटर आणि पाणी साधारण 45,000 लिटर. बांधकाम काँक्रीटचं, वरून टाइल. एका कडेला एकच स्किमर, म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारं भिंतीतलं खोकं, ताशी 12 घनमीटर पाणी फिरवणारा पंप आणि वाळूचा फिल्टर. पाणी येतं ते 3 मीटर उंचीवरच्या टाकीतून, त्यामुळे दाब जेमतेम 0.3 बार. या तलावाचा एक आकडा पाठ असू द्यावा: पातळी 1 मिमी उतरली की 32 लिटर पाणी गेलं. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर चालतो.

सुरुवातीला पाणी भरलं जायचं बागेच्या नळीने, आठवण होईल तेव्हा. त्यातून दोन नुकसानं झाली. एकदा नळी रात्रभर चालू राहिली. मिनिटाला 15 लिटर धरले तरी दहा तासांत 9,000 लिटर, म्हणजे तलावाचा पाचवा हिस्सा. तेवढं पाणी काठावरून वाहून गेलं आणि तोलून टाकलेली रसायनं त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्यांदा उलटं झालं. घर दोन आठवडे बंद, उन्हाचे दिवस, रोज 6 मिमी वाफ. चौदा दिवसांत पातळी 84 मिमी उतरली आणि स्किमरच्या तोंडाखाली गेली. पंपाने हवा ओढली, कोरडा फिरला आणि त्याचं मेकॅनिकल सील जळालं. त्यानंतर ऑटोफिल (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारी सोय) बसवायचं ठरलं.

पातळी कुठे धरायची, यात फारसं मतभेदाला जागा नाही. या स्किमरचं तोंड 150 मिमी उंच आहे. पाणी तोंडाच्या मध्यावर हवं. खाली एक तृतीयांश आणि वर दोन तृतीयांश या मर्यादेत चालतं. त्याखाली गेलं की पंप हवा ओढतो. त्यावर गेलं की तोंडातली, पाण्याबरोबर वरखाली होणारी झडप काम करेनाशी होते आणि पानं, किडे, तेलकट तवंग पृष्ठभागावरच फिरत राहतात. म्हणजे खेळायला मध्यापासून वरखाली 25-25 मिमी. हा पट्टा वाटतो तितका अरुंद नाही. चार मोठी माणसं पाण्यात उतरली तर जेमतेम 9 मिमी चढ होतो.

पहिला प्रयत्न: स्किमरमध्येच फ्लोट

सगळ्यात सोपी जागा म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटने उघडमिट होणारा) स्किमरच्या आत, टोपलीशेजारी बसवला. वेगळं खोदकाम नाही, झाकण उघडलं की समोर. पण आठवडाभरात तलाव काठोकाठ भरलेला दिसू लागला आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून बारीक धार सुरू झाली. व्हॉल्व्ह बदलला, तरी तेच.

दोष व्हॉल्व्हचा नव्हता. पंप चालू असताना पाणी झडपेवरून स्किमरच्या आत पडतं, त्यामुळे आतली पातळी तलावाच्या पातळीपेक्षा नेहमीच थोडी खाली असते. तोंडाशी पानं अडकली, झडप अर्धवट वर अडकून बसली किंवा तळाची ओढ बंद करून सगळा पंप स्किमरवर लावला की हा फरक आणखी वाढतो. फ्लोटला दिसतं ते आतलं पाणी. तलाव भरलेला असला तरी त्याच्या लेखी पाणी कमीच, म्हणून तो उघडाच राहतो. पंप रोज आठ तास चालायचा. मिनिटाला 12 लिटरने आठ तासांत 5,760 लिटर आत आणि जवळपास तेवढंच ओव्हरफ्लोने बाहेर.

हे ओळखायला उपकरण लागत नाही. पंप चालू असताना व्हॉल्व्हमधून पाण्याची सळसळ ऐकू येते. पंप बंद केला की काही मिनिटांत आतलं पाणी बाहेरच्या पातळीला येतं आणि आवाज थांबतो. आवाज पंपाबरोबर सुरू होऊन पंपाबरोबर थांबत असेल, तर फ्लोट चुकीच्या जागी बसलाय असं खुशाल समजावं.

वेगळं चेंबर

फ्लोट तिथून काढून काठापासून 40 सेंटिमीटरवर जमिनीत उभ्या बसवलेल्या 200 मिमी व्यासाच्या, तळ बंद केलेल्या पाइपात नेला. हेच चेंबर. तलाव आणि चेंबर जोडणारा पाइप 40 मिमीचा. त्याचं तलावातलं तोंड पाण्याच्या पातळीपासून 30 सेंटिमीटर खाली, स्किमर आणि पाणी परत सोडणाऱ्या नोझलपासून लांब. पाइपाला तलावाकडे किंचित उतार दिला. पाइप मध्येच कुठे उंचावला की तिथे हवेचा फुगा अडकतो आणि दोन्ही बाजूंची पातळी जुळत नाही.

चेंबरच्या बाजूने या पाइपाला टोपण लावून त्यात 20 मिमीचं एकच भोक ठेवलं. लाटांसाठी ही युक्ती महत्त्वाची आहे. तलावात कोणी उडी मारली की 5 सेंटिमीटरची लाट सहज उठते. हे टोपण नसेल तर फ्लोट त्या लाटेबरोबर वरखाली होतो, आणि प्रत्येक खाली जाण्यात थोडं पाणी सोडतो. तो पाणी आत घेतो, बाहेर कधीच टाकत नाही, म्हणून दुपारभर मुलं खेळली की संध्याकाळी तलाव जास्त भरलेला सापडतो. 20 मिमीच्या भोकातून एका लाटेच्या वेळात फार पाणी जाऊच शकत नाही. 5 सेंटिमीटरची लाट चेंबरमध्ये 3-4 मिमीची उरते.

भोकाची दुसरी बाजूही पाहावी लागते. भरण्याचा वेग जास्त ठेवला तर चेंबरमधलं पाणी भोकातून निघेपर्यंत वर चढतं, फ्लोट लवकर मिटतो, पाणी उतरलं की पुन्हा उघडतो आणि हा खेळ तासन् तास चालतो. म्हणून भरण्याचा वेग मिनिटाला 4 लिटरवर आणला. वेग मोजायला 10 लिटरची बादली पुरते: ती अडीच मिनिटांत भरली पाहिजे. भरण्याच्या लाइनवरचा बॉल व्हॉल्व्ह तेवढाच उघडा ठेवायचा आणि त्याची दांडी काढून घ्यायची, म्हणजे येताजाता कोणी तो फिरवणार नाही. या वेगाला भोकाच्या दोन बाजूंत 6 मिमीचाच फरक पडतो. 4 लिटर कमी वाटतात, पण ताशी 240 लिटर होतात आणि दिवसाची वाफ एका तासाच्या आत भरून निघते.

ओव्हरफ्लो मात्र चेंबरमधून काढायचा मोह टाळावा. मोठ्या पावसात तासाला 50 मिमी पडला तर या तलावात मिनिटाला 27 लिटर येतात. 20 मिमीच्या भोकातून 5 सेंटिमीटरच्या फरकाला सुमारे 11 लिटरच निघतील. इथे ओव्हरफ्लोचा 50 मिमी पाइप थेट तलावाच्या भिंतीत, नेहमीच्या पातळीच्या 40 मिमी वर आहे. तो सांडपाण्याच्या लाइनला घट्ट न जोडता उघड्या जाळीवर सोडलाय, म्हणजे लाइन तुंबली तरी घाण तलावात उलटी येणार नाही.

पिण्याच्या पाण्याचं रक्षण हा भाग तर तडजोड न करण्याचा आहे. तलावाचं पाणी घरच्या लाइनमध्ये उलटं ओढलं जाऊ नये म्हणून भरण्याच्या पाइपाचं तोंड आणि पाणी जास्तीत जास्त जिथवर चढू शकेल ती कड यांच्यात हवेचं मोकळं अंतर लागतं: तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी 25 मिमी. इथे तोंड 15 मिमीचं आहे आणि अंतर 40 मिमी ठेवलंय, तेही चेंबरच्या काठापासून मोजून. त्यासाठी चेंबरचा पाइप जमिनीच्या थोडा वर काढला आणि फ्लोट लांब दांडीवर खाली सोडला. नुसता एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, या अंतराची जागा घेऊ शकत नाही. त्याच्या झडपेखाली वाळूचा एक कण बसला की तो गळतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

शांत महिने आणि घसरणारं स्टॅबिलायझर

यानंतर पातळी मध्यावर जी बसली ती हललीच नाही. घरच्यांना तलावाकडे बघायची गरज उरली नाही, आणि खरी चूक इथे झाली. पातळी न हलणं म्हणजे पाणी न जाणं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. फ्लोटला जाणाऱ्या पाण्याशी कर्तव्य नसतं. जेवढं गेलं तेवढं तो मुकाट्याने भरतो.

तक्रार आली ती क्लोरीनची. सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत संपायचं. आधी माल खराब म्हणून डबा बदलला, मग मात्रा वाढवली. पण बाकीच्या चाचण्या पाहिल्या तर खूण स्पष्ट होती. उन्हापासून क्लोरीनला वाचवणारं स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक आम्ल, महिन्यात 40 पीपीएमवरून (दहा लाख भागांत 40 भाग) 25 वर आलं होतं. क्लोरीन ऊन खातं, माणसं खातात, पानं खातात. सायन्युरिक आम्ल वाफेबरोबर जात नाही आणि तलावात फार सावकाश तुटतं. महिन्यात एवढं कमी व्हायला पाणीच बाहेर जावं लागतं.

ही चाचणी तशी ढोबळ आहे. गढूळ झालेला नमुना नळीत ओतत जायचा आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की त्या रेषेवरचा आकडा वाचायचा. उजेड बदलला की आकडा बदलतो. म्हणून एका वाचनावर न थांबता दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच माणसाने, सूर्याकडे पाठ करून वाचन घेतलं. आकडा प्रत्येक वेळी खालीच गेला.

त्यावरून किती पाणी बदललं ते काढता येतं. 25 भागिले 40 म्हणजे 0.625. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम उणे 0.47. त्याला 45,000 ने गुणलं की सुमारे 21,000 लिटर. तीस दिवसांत एवढं पाणी तलावातून निघून गेलं आणि त्या जागी नवं आलं, म्हणजे रोज 700 लिटर. यातून बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टरमधून उलटं सोडून तो धुण्याचं, पाणी वजा करायचं. आठवड्यातून एकदा अडीच मिनिटं बॅकवॉश आणि मग थोडं धुणं, मिळून 550 लिटर, दिवसाला सरासरी 80. उरले साधारण 620 लिटर रोज, ज्यांचा कुठेच पत्ता नव्हता.

आता भरण्याच्या लाइनवर 15 मिमीचं साधं घरगुती मीटर बसवलं. पहिल्याच आठवड्यात ते 6,100 लिटर फिरलं. वाफ आणि बॅकवॉश धरून 1,900 च्या आसपास हवं होतं. हे मीटर पहिल्या दिवशी बसवलं असतं तर गळती आठवड्यात कळली असती. ऑटोफिलचा कुठलाही भाग एक वेळ मागेपुढे करावा, मीटर मात्र आधी बसवावं. मीटर आडवं, बाणाच्या दिशेने आणि पाणी गाळणीतून गेल्यानंतरच्या बाजूला. एक मर्यादा ध्यानात असावी: फार बारीक ठिबक मीटरच्या काट्याला हलवत नाही.

गळती कुठे?

ऑटोफिल पूर्ण बंद केलं. एक बादली तलावाच्या पायरीवर ठेवली, तळाशी दगड, आत पाणी बाहेरच्या पातळीइतकं. आतून आणि बाहेरून चिकटपट्टीच्या खुणा केल्या. चोवीस तास कोणी पाण्यात उतरलं नाही आणि पाऊसही नव्हता. बादलीतलं पाणी 6 मिमी उतरलं, तलावातलं 25 मिमी. फरक 19 मिमी, म्हणजे 608 लिटर. चाचणीतून काढलेल्या 620 च्या अगदी जवळ.

खुणेपर्यंत पुन्हा पाणी भरून हीच चाचणी पंप बंद ठेवून केली. उतार 24 मिमी. पंपाने काही फरक पडत नाही, म्हणजे फिल्टरनंतरची दाबाची लाइन संशयातून सुटली. ती फुटली असती तर पंप चालू असताना पाणी जास्त गेलं असतं.

मग पातळी पुन्हा खुणेवर आणून तलाव तसाच सोडला आणि रोज सकाळी मोजला. पंप चालवताना स्किमरची ओढ बंद करून फक्त तळातून पाणी घेतलं. पहिल्या दिवशी 25 मिमी, दुसऱ्या दिवशी 21, तिसऱ्या दिवशी 13, चौथ्या आणि पाचव्या दिवशी 6-6. शेवटचे सहा नुसती वाफ. पाणी भेगेखाली गेलं की गळती थांबते, म्हणून ज्या पातळीला उतार वाफेइतका होतो, भेग तिथेच शोधायची. तीन दिवसांत पाणी 59 मिमी उतरलं होतं, म्हणजे स्किमरच्या तोंडाच्या तळापासून सुमारे 15 मिमी वर. त्या उंचीला तलावात दिवा नाही, नोझल नाही. आहे तो फक्त स्किमर.

तलाव पुन्हा भरून, पंप बंद करून, पाणी निश्चल झाल्यावर सिरिंजने लाल रंगाचा थेंब स्किमरच्या तोंडाच्या कोपऱ्यात सोडला. बाकी सगळीकडे रंग ढगासारखा लोंबकळत राहिला. डाव्या खालच्या कोपऱ्याजवळ मात्र तो दोऱ्यासारखा ताणला गेला आणि प्लास्टिक व काँक्रीटच्या सांध्यात शिरून नाहीसा झाला. बोटाच्या नखालाही नीट न लागणारी चीर. प्लास्टिक आणि काँक्रीट उन्हात सारखं प्रसरण पावत नाहीत, म्हणून स्किमरचा हा सांधा सगळ्यात आधी सुटतो.

दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करायची गरज नसते, आणि करूही नये. जमिनीत पाणी मुरलेलं असताना रिकामं भांडं खालच्या पाण्याच्या दाबाने उचललं जाऊ शकतं, आणि इथे तर महिनोन् महिने रोज 600 लिटर शेजारच्या मातीत मुरत होतं. पातळी तोंडाच्या तळाखाली 25 मिमी, म्हणजे मध्यापासून 100 मिमी उतरवली. तेवढ्याला 3,200 लिटर गेले. चीर 8 मिमी रुंद आणि 10 मिमी खोल अशी कोरून काढली, जुना चुरा ब्रशने साफ केला, कोरडी केली आणि दोन भागांची इपॉक्सी पुट्टी दाबून भरली. चोवीस तास वाळू दिली. न्हाणीघरातलं साधं सिलिकॉन इथे वापरू नये. ते सतत पाण्याखाली टिकत नाही, आणि त्याचा थर राहिला तर पुढे त्यावर पुट्टीही चिकटत नाही. काठावरची फरशी ठोकून पाहिली तेव्हा स्किमरमागे दोन फरशांखाली पोकळ आवाज आला. तिथली माती वाहून गेली होती. ती भरून फरश्या पुन्हा बसवल्या.

मर्यादा घातलेलं ऑटोफिल

गळती बंद झाली तरी ऑटोफिल जसंच्या तसं सुरू केलं नाही. फ्लोटच्या आधी लाइनमध्ये मोटरवर चालणारा बॉल व्हॉल्व्ह आणि टायमर घातला. रोज पहाटे 4 ते 5:30, एवढाच वेळ लाइन उघडी. किती भरायचं ते फ्लोट ठरवतो, जास्तीत जास्त किती ते टायमर. मिनिटाला 4 लिटरने 90 मिनिटांत 360 लिटर, म्हणजे 11 मिमी. वाफेचे 192 लिटर 48 मिनिटांत भरून होतात. बॅकवॉश झाला की पातळी 17 मिमी उतरते आणि रोजच्या उरलेल्या 168 लिटरमधून ती तीन-चार दिवसांत सावरते. तोवर पाणी 25 मिमीच्या पट्ट्यातच असतं. पहाटे पाण्यात कोणी नसतं, त्यामुळे लाटांचा प्रश्नही सुटतो.

पुन्हा 600 लिटरची गळती झाली तर हे ऑटोफिल ती झाकू शकणार नाही. पातळी रोज 14 मिमी उतरेल आणि दोन दिवसांत कोणाच्याही डोळ्यांना दिसेल. फ्लोट उघडा अडकला तरी दिवसाला 360 लिटरपेक्षा जास्त पाणी येणार नाही.

बागेच्या ठिबकला वापरतात तो सोलेनॉइड व्हॉल्व्ह इथे मुद्दाम टाळला. आतला रबरी पडदा पाण्याच्याच दाबाने उचलणारा हा व्हॉल्व्ह उघडायला पुरेसा दाब लागतो, टाकीच्या 0.3 बारला तो बहुतेक वेळा अर्धवट उघडतो किंवा उघडतच नाही. मोटरचा व्हॉल्व्ह दाबावर अवलंबून नसतो आणि सावकाश मिटतो, त्यामुळे पाइपात धक्काही बसत नाही. वीज गेली की आपोआप मिटणाराच घ्यावा. साधा असेल तर तो जिथे आहे तिथेच थांबतो, उघडा असला तर उघडाच. व्हॉल्व्ह आणि टायमरची पेटी काठापासून 4 मीटर लांब ठेवली. काठापासून साडेतीन मीटरपर्यंतचा भाग विजेच्या दृष्टीने खास धोक्याचा धरला जातो. विजेच्या लाइनला वीजगळती झाली की प्रवाह तोडणारं 30 मिलिअँपिअरचं स्विच आहे.

फ्लोटच्या आधीची गाळणी महिन्यातून एकदा धुवायची. या फ्लोटचं वायसर सहा महिन्यांनी उघडलं तेव्हा रबरावर गोल खाच पडलेली होती आणि खाचेत वाळूचा कण रुतलेला. तेवढ्याने मिनिटाला 100 मिलिलिटर झिरपले तर, टायमर नसताना, दिवसाचे 144 लिटर होतात.

गळती थांबल्यावर एक नवा प्रश्न उभा राहिला. टाकीतल्या पाण्याची कॅल्शियमची कठीणता 250 पीपीएम. वाफेने फक्त पाणी जातं, क्षार मागे राहतात. रोज 192 लिटर म्हणजे 48 ग्रॅम, तलावात दिवसाला 1 पीपीएमहून थोडी जास्त, महिन्याला 32 ची वाढ. गळती असताना क्षार तिच्याबरोबर निघून जात होते, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं. आता बॅकवॉशने थोडे जातात, बाकी साचतात. कठीणता 400 च्या पुढे गेली की टाइलवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर धरू लागतो. तेव्हा ऑटोफिल बंद करून पाण्याचा काही हिस्सा बदलावा लागतो. वाफ कमी करायची असेल तर रात्री तलावावर आच्छादन घालणं सगळ्यात स्वस्त पडतं.

दर रविवारी सकाळी त्याच वेळी मीटर वाचलं जातं. 1,900 लिटरच्या आसपास असेल तर ठीक. 2,520 ला टेकलं असेल तर सातही दिवस लाइन पूर्ण वेळ वाहिली. मग आधी फ्लोटचं वायसर, मग ओव्हरफ्लोचं तोंड ओलं आहे का, आणि त्यानंतर बादलीची चाचणी, या क्रमाने पाहायचं. गार, वारा नसलेल्या दिवसांत वाफ 3 मिमीवर येते, तेव्हा 96 लिटर पुरतात आणि दीड तासाची मुभा फार सैल होते. रोजची 260 लिटरची गळतीही तिच्यात सहज लपेल. त्या दिवसांत टायमर 45 मिनिटांवर आणायचा.